अवजार जाईल, फाइल राहायला हवी

फेब्रुवारी २०२५ मध्ये फेसबुकने आपल्या लाइव्ह प्रक्षेपणांचा नियम बदलला. नवं लाइव्ह यापुढे तीसच दिवस पेजवर राहील आणि जुनी प्रक्षेपणं टप्प्याटप्प्याने काढून टाकली जातील, असं कंपनीने जाहीर केलं. ज्यांचे व्हिडिओ होते त्यांना सूचना मिळाल्यापासून नव्वद दिवसांची मुदत, तेवढ्यात उतरवून घ्यायचे. टाळेबंदीच्या काळात मराठीतल्या कितीतरी व्याख्यानमाला, काव्यवाचनं, कीर्तनं आणि नाट्यवाचनं याच लाइव्हवर झाली. सभागृहांना कुलूप होतं, त्यामुळे त्या दोन वर्षांची आपल्या सार्वजनिक जगण्याची नोंद बऱ्याच अंशी याच व्हिडिओंमध्ये आहे. आणि छोट्या संस्थांचं पेज कसं चालतं ते आपल्याला ठाऊक आहे. तेव्हा उत्साहाने लाइव्ह करणारा कार्यकर्ता आता नोकरीसाठी दुसऱ्या गावी असतो, पासवर्ड कुणालाच आठवत नाही आणि सूचना येते ती कुणी उघडत नसलेल्या ईमेलवर. अशा पेजवरचं जे गेलं, ते गेलंच.

असं पहिल्यांदा झालेलं नाही. गूगलने २००६ मध्ये यूट्यूब विकत घेतलं आणि पुढे स्वतःचं गूगल व्हिडिओ गुंडाळलं. सहा सेकंदांच्या चित्रफितींचं व्हाइन जानेवारी २०१७ मध्ये बंद पडलं. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकसह ५९ ॲपवर बंदी घातली आणि खेड्यापाड्यांतल्या हौशी कलावंतांनी त्यावर टाकलेलं सगळं इथल्या प्रेक्षकांसाठी दिसेनासं झालं. बंदीच्या बाजूची आणि विरोधातली कारणं काहीही असोत, त्या चित्रफितींची दुसरी प्रत बहुतेकांकडे नव्हती. यूट्यूबनेही २३ जुलै २०२१ रोजी असाच एक बदल केला आणि त्याचा फारसा गाजावाजा झाला नाही. २०१७ च्या आधी 'अनलिस्टेड' म्हणून चढवलेले, म्हणजे ज्याच्याकडे दुवा आहे त्यालाच दिसणारे व्हिडिओ यूट्यूबने खासगी करून टाकले. मालकाने वेळेत नकार कळवला असेल तरच ते वाचले. शाळेचं स्नेहसंमेलन, निवृत्तीचा समारंभ, आजोबांची मुलाखत अशा गोष्टी लोक नेमक्या याच प्रकाराने चढवत.

म्हणून गेल्या काही वर्षांत एक जमात वाढली आहे. हे लोक आवडीचे, गरजेचे व्हिडिओ घरच्या यंत्रावर उतरवून घेतात आणि टीव्हीवर, फोनवर तिथूनच पाहतात. यांना नुसते साठेबाज म्हणणं मला पटत नाही, कारण घरच्या प्रतींनी मोठ्या संस्थांची लाज राखल्याची उदाहरणं आहेत. बीबीसीने साठ-सत्तरच्या दशकांत जुन्या टेप पुसल्या, त्यात 'डॉक्टर हू' या मालिकेचे अनेक भाग गेले. त्या हरवलेल्या प्रत्येक भागाचा ध्वनी मात्र आज उपलब्ध आहे, कारण काही प्रेक्षकांनी घरी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून तो नोंदवून ठेवला होता. फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स यांनी तीसहून अधिक वर्षं टीव्हीवरच्या बातम्या चोवीस तास कॅसेटवर उतरवल्या. २०१२ मध्ये त्या वारल्या तेव्हा घरात सुमारे ७० हजार कॅसेट होत्या आणि तो संग्रह पुढे इंटरनेट आर्काइव्हकडे गेला. आपल्याकडे पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ साली सुरू झालं, तोवर मूकपटांच्या काळातलं बरंचसं नष्ट झालेलं होतं. फाळक्यांचा १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र'ही आपल्याला पूर्ण मिळालेला नाही.

आता अवजारांकडे येऊ. आज या कामासाठी जी डझनभर सॉफ्टवेअरं मिळतात त्यांच्या पोटात जवळजवळ सगळीकडे एकच इंजिन आहे: वायटी-डीएलपी. त्याचा पूर्वज यूट्यूब-डीएल २००६ सालचा. पायथन भाषेत लिहिलेला हा मुक्त प्रोग्राम अनेक वर्षं निवांत चालला. २३ ऑक्टोबर २०२० रोजी अमेरिकी ध्वनिमुद्रण कंपन्यांच्या संघटनेने तक्रार केली आणि प्रोग्रामांचा कोड जिथे ठेवला जातो त्या गिटहब या संकेतस्थळाने तो काढून टाकला. इलेक्ट्रॉनिक फ्रंटिअर फाउंडेशनच्या वकिलांनी त्याची बाजू मांडली आणि १६ नोव्हेंबरला गिटहबने तो परत ठेवला. एवढंच करून गिटहब थांबलं नाही. अशा तक्रारींना तोंड देणाऱ्या प्रोग्रामरांसाठी त्यांनी दहा लाख डॉलरचा निधीही जाहीर केला. त्याच सुमारास यूट्यूब-डीएलमधल्या सुधारणा मंदावल्या होत्या. त्यातून फुटून निघालेल्या एका शाखेची पुढची शाखा म्हणजे वायटी-डीएलपी. आज ती हजाराहून अधिक संकेतस्थळांवरून व्हिडिओ उतरवू शकते.

हे इंजिन काय करतं ते समजून घेतलं की पुढचे बरेच प्रश्न सुटतात. यूट्यूबवर चांगल्या प्रतीचं चित्र आणि ध्वनी एकत्र ठेवलेले नसतात. चित्राचे वेगवेगळ्या आकारांचे आणि संक्षेपांचे प्रवाह वेगळे, ध्वनीचे वेगळे. वायटी-डीएलपी पान वाचतं, प्लेअरची जावास्क्रिप्ट सोडवतं, त्या प्रवाहांचे पत्ते काढतं, दोन प्रवाह उतरवतं आणि एफएफएमपेग या प्रोग्रामकरवी त्यांना एका फाइलीत सांधतं. यूट्यूब आपला प्लेअर सतत बदलत राहतं, त्यामुळे सोडवण्याची युक्तीही सतत बदलावी लागते. २०२५ च्या अखेरीस तर हे कोडं इतकं गुंतागुंतीचं झालं की यूट्यूबसाठी डेनोसारखं जावास्क्रिप्ट चालवणारं स्वतंत्र साधन सोबत बसवणं आवश्यक ठरलं. म्हणजे हा प्रोग्राम कायम दुरुस्तीतच असतो. कालपर्यंत चाललेली गोष्ट आज चालत नसेल तर नवी आवृत्ती आली आहे का हे आधी पाहावं. वरचं देखणं सॉफ्टवेअर निवडतानाही तेच विचारावं: आतलं इंजिन किती लवकर आणि किती सहज ताजं करता येतं? सुंदर पडदा आणि आत सहा महिन्यांपूर्वीचं इंजिन, ही जोडी निरुपयोगी आहे.

वरच्या सॉफ्टवेअरांत सर्वांत साधं मीट्यूब. ब्राउझरमध्ये एक पान उघडतं, दुवा चिकटवायचा, प्रत निवडायची, बटण दाबायचं. फाइल ठरलेल्या फोल्डरात येऊन पडते. घरातल्या ज्येष्ठांना हे पाच मिनिटांत शिकवता येतं आणि अधूनमधून एखादा व्हिडिओ हवा असणाऱ्याला याहून जास्त काही लागत नाही. चॅनलवर पाळत ठेवून नवं आलं की आपोआप घ्यायचं आणि नीट लावून ठेवायचं, हे काम मात्र वेगळं आहे आणि खरी निवड तिथेच करावी लागते.

ट्यूब आर्काइव्हिस्ट हे त्यातलं सर्वांत भरगच्च. स्वतःचा प्लेअर, चॅनलांची आणि याद्यांची पानं, टिप्पण्या साठवण्याची सोय, आणि सबटायटलांच्या मजकुरातही शोध घेण्याची ताकद. हजारभर व्याख्यानांतून एखादा शब्द नेमका कुठे उच्चारला गेला ते सापडणं ही अभ्यासकासाठी मोठी गोष्ट आहे. या ताकदीमागे इलॅस्टिकसर्च नावाचं शोधयंत्र आहे. ते मेमरी बरीच खातं, त्यामुळे जुन्या दोन जीबीच्या यंत्रावर हे सॉफ्टवेअर बसवण्याच्या फंदात पडू नये. माझा आक्षेप वेगळाच आहे. याच्या फोल्डरात डोकावलं तर दिसतात चॅनलच्या सांकेतिक क्रमांकाची फोल्डरं आणि आत व्हिडिओच्या अकरा अक्षरी क्रमांकाच्या फाइली. नाव, तारीख, वर्णन हे सगळं त्या शोधयंत्राच्या कोठारात. ते कोठार बिघडलं, किंवा उद्या सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्यांनी हात वर केले, तर तुमच्याकडे उरतात हजारो अनामिक फाइली. फाइलीच्या पोटातच शीर्षक आणि तपशील भरण्याची सोय त्यात आहे. ती पहिल्या दिवशीच चालू करावी आणि कोठाराची प्रतही नियमित काढावी.

पिंचफ्लॅटची रीत याच्या उलट आहे. ते स्वतः व्हिडिओ दाखवण्याचा सोस धरत नाही. चॅनल किंवा यादी द्या, कोणती प्रत हवी आणि फाइलीचं नाव कसं असावं याचा साचा द्या, ते फाइली नावानिशी फोल्डरांत लावतं, शेजारी मीडिया सर्व्हरला, म्हणजे टीव्हीवर-फोनवर व्हिडिओ पोचवणाऱ्या सॉफ्टवेअरला, वाचता येईल अशी माहितीची फाइल ठेवतं आणि बाजूला होतं. एकच कंटेनर, आत एसक्यूलाइटचा छोटा डेटाबेस, त्यामुळे साध्या यंत्रावरही निवांत चालतं. ठरावीक दिवसांनंतर जुने व्हिडिओ आपोआप काढून टाकायची सोयही आहे. रोजच्या बातम्यांचं चॅनल घेणाऱ्याला ती लागतेच. ट्यूबसिंक याच घराण्यातलं, वयाने थोडं मोठं.

माझी पसंती वायटीडीएल-सबला आहे, जरी त्याला पडदा असा नाहीच. सगळं एका मजकूर-फाइलीत लिहायचं: अमुक चॅनल, अमुक तारखेपासून, अमुक फोल्डरात, जेलिफिन या मीडिया सर्व्हरला कळेल अशा रचनेत. ओळींची मोकळी जागा चुकली की तक्रार करतं, सुरुवातीला वैताग येतो. पण ती मजकूर-फाइल हेच तुमच्या संग्रहाचं टिपण बनतं. काय घेतलं, कुठून, कोणत्या अटींवर, हे दहा वर्षांनंतर कुणीही नुसतं वाचून समजू शकेल. आणि ज्याला तेवढाही थर नको, त्याने सरळ वायटी-डीएलपी रात्री ठरल्या वेळी चालेल असं लावून द्यावं. 'डाउनलोड-आर्काइव्ह' नावाचा पर्याय दिला की ते उतरवलेल्या प्रत्येक व्हिडिओचा क्रमांक एका साध्या यादीत, एका ओळीत एक असा लिहून ठेवतं आणि पुन्हा त्याच्या वाटेला जात नाही. ही यादी कधीही पुसू नये. व्हिडिओ मूळ जागेवरून गेला तरी तो आपल्याकडे आहे की नाही हे तिच्यावरून क्षणात कळतं.

यात मराठी माणसाला जी अडचण हमखास येते ती परदेशी मार्गदर्शनात कुठेच सापडत नाही, म्हणून इथे जरा थांबतो. लिनक्सवरच्या नेहमीच्या फाइल-रचनेत एका फाइलीच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. इंग्रजी अक्षर एका बाइटचं, म्हणून इंग्रजीत ही मर्यादा सहसा जाणवतच नाही. देवनागरीचं प्रत्येक चिन्ह मात्र तीन बाइट घेतं, आणि चिन्ह म्हणजे आपण वाचतो ते अक्षर नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त, प्रत्येकाचे वेगळे तीन. 'ज्ञानेश्वरी' हा शब्द डोळ्यांना चार अक्षरांचा दिसतो, पण यंत्रासाठी ती अकरा चिन्हं, म्हणजे ३३ बाइट. यूट्यूब शीर्षकाला १०० चिन्हं देतं, आणि आपल्याकडे वक्त्याचं नाव, विषय, मालेचं नाव, पुष्प कितवं, असं सगळं शीर्षकात कोंबायची पद्धत असल्याने ती शंभर पुरेपूर वापरली जातात. शंभर चिन्हांचे तीनशे बाइट, त्यात तारीख आणि क्रमांक. नाव फार लांब आहे अशी तक्रार करून काम थांबतं आणि नेमका हवा असलेला व्हिडिओ राहून जातो. विंडोजवर मोजदाद वेगळ्या पद्धतीने होत असल्याने तिथे हेच नाव विनातक्रार चालतं, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. सिनॉलॉजीच्या कूटबद्ध फोल्डरांत तर मर्यादा १४३ वर येते, म्हणजे देवनागरीची जेमतेम ४७ चिन्हं.

यावर अनेक ठिकाणी सुचवला जाणारा उपाय आपल्यासाठी घातक आहे. 'रिस्ट्रिक्ट-फाइलनेम्स' हा पर्याय चालू करा, नावं सुटसुटीत होतील, असं सांगितलं जातं. ती होतात, कारण तो पर्याय रोमन लिपीबाहेरचं सगळं काढून टाकतो. मराठी शीर्षकाच्या जागी नुसत्या अधोरेषा उरतात. त्याऐवजी नावाच्या साच्यात शीर्षकाची लांबी अक्षरांऐवजी बाइटमध्ये बांधून द्यावी. वायटी-डीएलपीत आकड्यापुढे कॅपिटल बी लिहिला की तसं होतं. मी १५० बाइट सुचवेन. शेजारी ठेवल्या जाणाऱ्या माहितीच्या, सबटायटलांच्या आणि लघुचित्राच्या फाइलींना लांब शेपट्या असतात, त्यांनाही जागा लागते. शीर्षक शेवटी एखाद्या वेलांटीआधी तुटेल, तुटू द्यावं. पूर्ण शीर्षक माहितीच्या फाइलीत शाबूत असतंच. आणि नावात तो अकरा अक्षरी क्रमांक असलाच पाहिजे, कारण मूळ व्हिडिओची खात्रीची ओळख तेवढीच आहे.

माहितीची फाइल म्हणजे इन्फो-जेसन. ही लहानशी फाइल घ्यायला लोक कंटाळतात, आणि संग्रहाचं निम्मं मोल तिच्यातच असतं. चढवल्याची तारीख, चॅनल, पूर्ण वर्णन, प्रकरणांच्या वेळा, परवान्याचा प्रकार, सगळं साध्या मजकुरात. मराठी संगीताच्या जुन्या मैफलींचे व्हिडिओ घेणाऱ्याने तर ती चुकवूच नये. कोणता राग, तबल्यावर कोण, कोणत्या सालातली मैफल, ही माहिती रसिकांनी वर्णनात नाहीतर टिप्पण्यांत लिहिलेली असते, आणखी कुठेही नसते. टिप्पण्याही उतरवता येतात. वेळ लागतो, पण अशा व्हिडिओंसाठी तो द्यावा. प्रायोजकांच्या जाहिराती ओळखणारी स्पॉन्सरब्लॉक ही लोकसहभागातून तयार होणारी नोंदही या सॉफ्टवेअरांना जोडता येते. तिचा उपयोग जाहिरातीच्या जागी खूण करण्यापुरता करावा. कापलेला भाग परत येत नाही, आणि आजची जाहिरात उद्याच्या अभ्यासकाला हवी असू शकते.

मग या फाइली पाहायच्या कशावर? प्लेक्स, एम्बी, जेलिफिन आणि कोडी ही चार नावं सर्वत्र दिसतात. कोडी मुळात एक्सबॉक्ससाठीचा प्लेअर, टीव्हीला जोडलेल्या एकाच यंत्रावर उत्तम. एम्बीने २०१८ च्या अखेरीस आपला कोड बंद केला, तेव्हा त्यातून मुक्त शाखा निघाली ती जेलिफिन. प्लेक्स सर्वांत गुळगुळीत चालतं, पण २९ एप्रिल २०२५ पासून घराबाहेरून स्वतःचेच व्हिडिओ पाहायला त्यांनी पैसे आकारायला सुरुवात केली. कंपनीला पैसे मिळवायचा हक्क आहे. पण दुसऱ्याच्या मर्जीतून सुटण्यासाठी घरी सर्व्हर थाटायचा आणि पुन्हा एका कंपनीच्या खात्यातून त्यात शिरायचं, हे मला विसंगत वाटतं. म्हणून जेलिफिन.

जेलिफिनला यूट्यूबचा माल सहज कळत नाही, कारण त्याला चित्रपट आणि मालिका यांचीच सवय. रूढ झालेली युक्ती अशी: चॅनल म्हणजे मालिका, वर्ष म्हणजे सीझन, आणि तारखेवरून भागाचा क्रमांक. वायटीडीएल-सब आणि पिंचफ्लॅट दोन्ही अशी रचना करून देतात. या व्हिडिओंच्या विभागापुरता जालावरून माहिती शोधण्याचा पर्याय बंद करायला विसरू नये. नाहीतर एखाद्या प्रवचनमालेला तिच्या नावाशी साधर्म्य असलेल्या भलत्याच परदेशी मालिकेचं पोस्टर चिकटतं आणि फाइलीशेजारची खरी माहिती बाजूला पडते.

प्रत कोणती घ्यावी यावर पुष्कळ वाद होतात, मला त्यात दोनच गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली जागेची. सेकंदाला पंचवीस लाख बिट या वेगाचा १०८० चा व्हिडिओ तासाला साधारण सव्वा जीबीच्या आत बसतो, म्हणजे ४ टीबीच्या डिस्कवर तीन हजारांहून जास्त तास. एक माणूस मंचावर बसून बोलतो आहे अशा व्याख्यानाला ४८० पुरेसं होतं आणि जागा कितीतरी कमी लागते. वाचलेली जागा नृत्य, नाटक, हस्तकला यांच्या प्रतींना द्यावी. ध्वनी मात्र नेहमी मिळेल तो सर्वोत्तम घ्यावा, त्याला जागा लागतेच किती. दुसरी गोष्ट संक्षेपाची. यूट्यूबवर एच-२६४ हा जुना प्रकार १०८० पर्यंतच मिळतो, त्यावरचं व्हीपी९ आणि एव्ही१ मध्ये. जुन्या टीव्हीला हे नवे प्रकार वाचता येत नाहीत, मग सर्व्हरला व्हिडिओ चालू असतानाच रूपांतर करावं लागतं. इंटेलच्या साध्या छोट्या यंत्रांतला चित्रप्रक्रियेचा भाग हे काम सहज करतो. रास्पबेरी पाय ५ मध्ये त्यासाठीचा हार्डवेअर एन्कोडरच नाही, तिथे चित्र अडखळतं. घरातला टीव्ही जुना असेल तर सरळ एच-२६४ घ्यावं. उतरवलेली फाइल पुन्हा नव्या प्रकारात दळून 'लहान' करण्याचा मोह टाळावा, दर दळणाला चित्र उतरत जातं.

यंत्राबद्दल थोडक्यात. पडून असलेला जुना लॅपटॉप सुरुवातीला उत्तम, त्याची बॅटरी धड असेल तर वीज गेल्यावर तीच आधार देते. डिस्क दोन असाव्यात आणि दुसरी शक्यतो दुसऱ्या घरात. दोन डिस्क आरशासारख्या एकमेकींना जोडल्या म्हणजे प्रत झाली असं नाही. चुकून पुसलेली फाइल दोन्हीकडून एकाच क्षणी पुसली जाते. आपल्याकडच्या अनेक फायबर जोडण्यांवर महिन्याला ३.३ टीबीची मर्यादा असते, घरगुती संग्रहाला ती पुरते. जास्त आडवी येते ती दुसरीच गोष्ट: कित्येक कंपन्या अनेक ग्राहकांना मिळून एकच सार्वजनिक पत्ता देतात, त्यामुळे बाहेरून घरच्या सर्व्हरला थेट हाक मारता येत नाही. टेलस्केलसारखा खासगी बोगदा घातला की पुण्यातल्या घरातला व्हिडिओ न्यू जर्सीतली मुलगी पाहू शकते, आणि सर्व्हर साऱ्या जगाला उघडाही पडत नाही.

यूट्यूबची नाराजी ओढवून घेण्याचा खात्रीचा मार्ग म्हणजे एका रात्रीत अख्खं चॅनल उपसणं. तुम्ही बॉट नाही हे सिद्ध करा, अशी सूचना येते आणि सगळं थांबतं. मग लोक ब्राउझरमधल्या आपल्या खात्याच्या कुकी देऊन पुढे रेटतात. ज्या खात्यावर वीस वर्षांचे ईमेल आणि फोटो आहेत ते यासाठी पणाला लावू नये, खातंच बंद होण्याचा धोका त्यात आहे. दोन व्हिडिओंमध्ये विराम ठेवा, वेग बांधून द्या, दोन हजार व्हिडिओंचं चॅनल दोन महिन्यांत येऊ द्या.

आता कायदा. यूट्यूबच्या अटी त्यांच्या परवानगीवाचून व्हिडिओ उतरवू देत नाहीत, हे स्पष्ट आहे. त्यांच्या पैसे भरून मिळणाऱ्या सेवेत उतरवलेला व्हिडिओ ॲपबाहेर काढता येत नाही आणि ठरावीक काळात पुन्हा जालाशी जोडणी न केल्यास तो चालत नाही, त्यामुळे जपणुकीला तिचा उपयोग नाही. अटींचा भंग आणि कायद्याचा भंग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्या १९५७ च्या प्रताधिकार कायद्याचं कलम ५२ खासगी किंवा वैयक्तिक वापरासाठी, संशोधन धरून, केलेल्या रास्त वापराला उल्लंघन मानत नाही. त्याच कायद्यात २०१२ साली कलम ६५-अ आलं, आणि संरक्षक कुलूप तोडून हक्कांचं उल्लंघन करणं गुन्हा ठरलं. घरी उतरवलेला प्रत्येक यूट्यूब व्हिडिओ या दोहोंच्या मध्ये नेमका कुठे बसतो, याचं सरसकट उत्तर देणाऱ्यावर मी विश्वास ठेवणार नाही. काही सीमा मात्र सरळ आहेत. क्रिएटिव्ह कॉमन्स परवान्याने दिलेले व्हिडिओ श्रेय देऊन ठेवता आणि वाटताही येतात. चित्रपट आणि वेबमालिकांच्या सशुल्क मंचांना कुलूप असतं, तिथे ही अवजारं वापरू नयेत. आणि घरात ठेवलेली प्रत पुन्हा आपल्या चॅनलवर चढवणं किंवा पेन ड्राइव्हवर विकणं हे जपणूक नव्हे. मूळ कलावंताला त्याच्या चॅनलवरच्या प्रेक्षकांतून चार पैसे मिळतात, तो व्हिडिओ जालावर आहे तोवर तिथेच पाहावा.

संस्थांनी आणि कलावंतांनी तर याची सुरुवात स्वतःच्या चॅनलपासून करावी. कॅमेऱ्याच्या कार्डावर जागा हवी म्हणून मूळ फाइल पुसायची आणि 'यूट्यूबवर आहेच की' म्हणून निश्चिंत व्हायचं, ही पद्धत गावोगावी आहे. यूट्यूब स्टुडिओतून आपलाच व्हिडिओ परत उतरवला तर तो ७२० किंवा ३६० चाच मिळतो, मूळ चित्रीकरण कितीही चांगलं असो. गूगल टेकआउटमधून संपूर्ण चॅनल मागवता येतं, ते वर्षातून एकदा मागवून संस्थेच्या डिस्कवर ठेवावं. त्याशेजारी वायटीडीएल-सबने वर्षांनुसार लावलेली प्रत असेल तर वाचनालयात टीव्ही लावून गेल्या वीस वर्षांची व्याख्यानमाला कुणालाही दाखवता येते, तिकडचं इंटरनेट चालो न चालो.

आणि ज्यांनी दुसऱ्यांचे व्हिडिओ जपले आहेत त्यांनी मूळ माणसाचा शोध घेणं सोडू नये. चॅनल हॅक होतात, चुकीच्या प्रताधिकार-तक्रारींनी बंद पडतात, मालक वारल्यावर घरच्यांना खातं उघडता येत नाही. अशा वेळी व्हिडिओ, चढवल्याची तारीख सांगणारी इन्फो-जेसन आणि मूळ वर्णन एका डिस्कवर घालून त्या कलावंताला किंवा त्याच्या कुटुंबीयांना नेऊन देता येतं. ती फाइल पुन्हा जालावर जायची की नाही, ते त्यांनी ठरवावं.